एकशेचाळीसची घंटा

पंचवटी, नाशिक
५ सप्टेंबर १९९८

प्रिय शेखरदादा,

नमस्कार. मस्कतच्या उन्हात तुझं डोकं थंड असो. मावशीकडून तुझा पत्ता घेतला. परदेशी गेल्यावर मावसबहिणीला विसरलास हे भांडण मी राखून ठेवलंय, आज मात्र काम आहे.

सातपूरच्या मोटरींच्या कारखान्यातली ती भट्टी आठवते का? मी पण काय विचारते, तिचा प्रोग्रॅम तूच लिहिलास. व्हार्निशमध्ये बुडवलेल्या मोटरी आत भाजायच्या. तापमान शंभराच्या खाली गेलं की गॅस वाढवायचा, एकशेवीसच्या वर गेलं की कमी करायचा, आणि एकशेचाळीस ओलांडलं की गॅस बंद करून घंटा वाजवायची. सात वर्षं तुझा प्रोग्रॅम त्या जुन्या युनिक्स मशीनवर मुकाट चालतोय. आता मशीनचे भाग मिळत नाहीत, त्यात दोन हजार सालाची भीती सगळ्यांच्या डोक्यात बसलीय. कारखान्यानं काम दिलं आमच्या शिरोडेसाहेबांना आणि साहेबांनी ते माझ्या गळ्यात मारलं. साधा पीसी, त्यावर लिनक्स, आणि त्यावर तुझा प्रोग्रॅम न्यायचा. गंगापूर रोडच्या आमच्या ऑफिसात युनिक्सचं नाव ऐकलेली मी एकटीच, त्यामुळे दुसरं कोण करणार?

अरे, नाकी नऊ आले. जुन्या मशीनच्या फ्लॉप्या नव्याला वाचता येईनात, शेवटी दोघांच्या मध्ये वायर टाकून फायली ओढल्या. मग तुझी मेकफाइल. कोणती फाइल आधी, कोणती नंतर, कंपायलरला कोणते स्विच द्यायचे, सगळं तिच्यात, तुझा तो एकशेचाळीसचा आकडासुद्धा तिच्यातच. पण तुझ्याकडचे निम्मे स्विच इथला कंपायलर ओळखत नाही. लायब्रऱ्यांची नावं वेगळी, पोर्टचं नाव वेगळं. एकदा टॅबच्या जागी स्पेस पडली तर अख्खी दुपार मी मशीनला शिव्या घातल्या. आता कंपाइल होतं, पण वॉर्निंगांची ही लांब रांग लागते. त्यांचं काय करू?

आमचा धनराजभाऊ अजून त्याच भट्टीवर आहे, तुझ्या वेळी होता तसाच. माझ्या कॉम्प्युटर कोर्सची फी त्यानं ओव्हरटाइम करून भरली हे तुला माहीत आहे. भट्टीचं काम माझ्याकडे आलंय कळल्यावर हा बाबा डिपार्टमेंटभर पेढे वाटून आला. आशावहिनी म्हणते, आता यांना घरात बहीण आणि कामावरही बहीण, माझं कोण ऐकणार.

म्हणूनच विचारतेय. दुसऱ्या कुणाचं असतं तर अंदाजपंचे ढकललं असतं. इथे भट्टीसमोर भाऊ उभा असतो.

तुझी,
योगिनी


मस्कत
१६ सप्टेंबर १९९८

चि. योगिनी,

तुझं पत्र कँटीनमध्ये वाचलं आणि एकटाच हसलो, शेजारचा केरळी माणूस उठून दुसऱ्या टेबलावर गेला. मी तुला विसरलेलो नाही. समुद्राचं पाणी गोड करायच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो, आणि ते गोड पाणी पिताना रोज पंचवटीच्या गंगेची आठवण काढतो. धनराजच्या पेढ्यांतला एकही मला मिळाला नाही, हे त्याला माझ्या वतीनं सुनाव.

आता कामाचं. कंपाइल झालं म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं समजू नकोस. त्या जुन्या मशीनची चिप वेगळी होती, कंपायलर वेगळा होता. मी लिहिलं ते त्या मशीनच्या सवयींनी लिहिलं, आणि त्यातल्या कोणत्या सवयी माझ्या कोडमध्ये मुरल्या आहेत ते आज मलाही सांगता येणार नाही. ते फक्त कंपायलर सांगू शकतो. त्या वॉर्निंगा म्हणजे त्याचं तेच बोलणं आहे. एकेक ओळ वाच. कंटाळा आला तरी वाच.

दुसरं, भट्टी रिकामी ठेवून खरोखर तापवा आणि घंटा कानांनी ऐका. आम्ही तसंच केलं होतं. शेडमध्ये कुणाला उभं राहू दिलं नव्हतं, धनराजला बाहेर गॅसच्या मेन कॉकवर ठेवलं होतं. भट्टीच्या भिंतींवर व्हार्निशचा थर बसलेला असतो, तो पेटला तर पळायलाही वेळ मिळत नाही. तेव्हा हे माझ्या अनुपस्थितीत करायचंय तर माझ्यासारखंच कर.

सावकाश कर. साहेबाला घाई असली तर असू दे.

तुझा,
शेखरदादा


पंचवटी, नाशिक
३ ऑक्टोबर १९९८

प्रिय शेखरदादा,

झालं एकदाचं. परवा दसऱ्याच्या मुहूर्तावर नवं मशीन भट्टीला जोडलं. तू असायला हवा होतास. भट्टीला झेंडूचा हा एवढा हार, दारावर आपट्याची पानं, पीसीच्या मॉनिटरवर हळदकुंकू. कारखान्याचे मोठे साहेब सहकुटुंब आले होते. भाऊनं नवा शर्ट घातला होता आणि येईल त्याला सांगत होता, हे आमच्या योगिनीनं केलंय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण खोटं कशाला बोलू, आवडलंही.

तुझी घंटाही वाजली. फक्त थोडं वेगळं करावं लागलं. तुला आठवत असेल, पूजा झालेली भट्टी दसऱ्याच्या दिवशी पेटवत नाहीत. आणि मोठ्या साहेबांना तर त्याच मुहूर्तावर घंटा ऐकायची होती. मग शिरोडेसाहेबांनी युक्ती काढली. मेकफाइलमध्ये एकशेचाळीसच्या जागी चाळीस लिहिलं, पुन्हा कंपाइल केलं, आणि भाऊनं तापमान मोजणाऱ्या त्या दांडीला गरम इस्त्री लावली. चाळीस ओलांडल्याबरोबर घंटा अशी खणखणली की वहिनीच्या हातातला प्रसाद सांडला. टाळ्या पडल्या. मग चाळीसचे परत एकशेचाळीस केले, कंपाइल केलं आणि प्रोग्रॅम चालू करून दिला.

वॉर्निंगांचं सांगते, रागावू नकोस. मी वाचायला बसलेच होते. पण साहेब म्हणाले, गिऱ्हाइकासमोर कंपाइल करताना स्क्रीनभर ही रडगाणी दिसली तर काय इज्जत राहील? त्यांनी मेकफाइलमध्ये वॉर्निंगा बंद करायचा स्विच घालायला लावला. आता कसं शांत, स्वच्छ कंपाइल होतं. तुझं जुनं मशीन दुसऱ्याच दिवशी भंगारवाला घेऊन गेला. भाऊला जरा वाईट वाटलं, सात वर्षांची सोबत होती.

आणि बातमी ऐक. आधी भट्टीवर दोन माणसं असायची, एक आकडा बघायला आणि एक कॉकवर. आता नवं मशीन आलं म्हणून कॉकवरचा माणूस काढून घेतला. भट्टी एकट्या भाऊच्या ताब्यात. पगारही वाढतोय. वहिनी खूश आहे.

तुझी,
योगिनी


मस्कत
११ ऑक्टोबर १९९८

चि. योगिनी,

तुझं अभिनंदन करायचं होतं, पण पत्र वाचून झाल्यापासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून आधी तेच लिहितो.

चाळीसला घंटा वाजली यावरून एकशेचाळीसला वाजेल हे कुणी सांगितलं? वाजेलही. सात वर्षं वाजतच होती. पण आता मशीन ते नाही, आणि ज्या कंपायलरला काही सांगायचं होतं त्याच्या तोंडावर तुम्ही बोळा कोंबलाय. वर कॉकवरचा माणूसही काढलात. हे सगळं एकाच आठवड्यात झालं हे मला अजिबात आवडलं नाही.

राहवलं नाही म्हणून तुमच्या ऑफिसात फोन केला होता. तू नव्हतीस. शिरोडेसाहेब म्हणाले, सगळं झकास चाललंय, तुम्ही तिकडे आराम करा. मी त्यांना म्हटलं, खरी तापवून बघेपर्यंत भट्टीवर दुसरा माणूस ठेवा. निरोप देतो म्हणाले. दिला का?

तू एवढं कर. तो स्विच काढ, पुन्हा कंपाइल कर, आणि एकशेचाळीसवाली ओळ ज्या फाइलमध्ये आहे तिच्यावर काय काय वॉर्निंगा येतात त्या मला उतरवून पाठव. मी चुकीचा निघालो तर मला वेडा म्हण, चालेल. धनराजला म्हणावं, आकडा नेहमीपेक्षा वर चढला तर मशीनची वाट बघू नको, कॉक हातानं बंद कर.

दिवाळीच्या आधी हे तुला मिळावं अशी आशा आहे. पोस्टाचं काही सांगता येत नाही.

शेखरदादा


पंचवटी, नाशिक
२३ ऑक्टोबर १९९८

शेखरदादा,

तुझं पत्र ऐन दिवाळीत मिळालं आणि दिवाळीचं तोंड कडू झालं.

तू साहेबांना फोन केलास आणि मला काय ऐकावं लागलं याची तुला कल्पना आहे का? चार माणसांसमोर म्हणाले, तुमचे बंधू परदेशातून आमच्या कामाला कच्चं म्हणतात, उद्या हे गिऱ्हाइकाच्या कानावर गेलं तर? मी घरी येऊन रडले. तुझ्याशी खरं बोलते, मला वाटलं की तुझा प्रोग्रॅम दुसऱ्या कुणी हलवला हेच तुला सहन होत नाहीये. वहिनी म्हणाली, असं नसेल गं, तो काळजीनं लिहितोय. असेल. पण मीही काही कालची पोर नाही.

तरी तुझं ऐकलं. साहेब नसताना स्विच काढून कंपाइल केलं. त्या फाइलवर बाकी सगळ्या किरकोळ कुरकुरी, एक तेवढी एकशेचाळीसच्या ओळीवर. इंग्रजीत आहे, अर्थ असा की ही तुलना नेहमी खोटीच ठरेल, कारण आकड्याची मजल तेवढी नाही. ती ओळ तू लिहिलेली, माझी नाही, आणि सात वर्षं चाललीय. म्हणून मी फार डोकं लावलं नाही. भाऊला म्हटलंसुद्धा, बघ, तुझी भट्टी एकशेचाळीसला जाणारच नाही याची कंपायलरलाही खात्री आहे. तो हसला.

दिवाळीच्या आधी एकदा आकडा जरा चढला होता म्हणे, आणि एकदम स्क्रीनवर उणे काहीतरी दिसायला लागलं. भाऊनं कॉक बंद करून दार उघडलं, थोड्या वेळानं सगळं ठीक. साहेब म्हणाले वायर ढिली असेल. वायर आवळली.

आता तुझ्या समाधानासाठी काय केलंय ते ऐक. काल भाऊबीज झाली. भाऊला ओवाळलं, त्यानं पाकीट पुढे केलं. मी म्हटलं, पाकीट नको, यंदा मला दुसरी ओवाळणी हवी. येत्या सुट्टीच्या दिवशी भट्टी रिकामी पेटव, पार एकशेचाळीसपर्यंत जाऊ दे आणि घंटा ऐकून ये. म्हणजे शेखरदादाचं तोंड बंद होईल. साहेबांना विचारलं तर नाहीच म्हणतील, म्हणून कुणाला सांगायचं नाही, वॉचमन हिरामण भाऊचाच माणूस आहे. भाऊ म्हणाला, एवढंच ना, दिली ओवाळणी. मी त्याला बजावलंय की घंटा वाजेपर्यंत कॉकला हात लावायचा नाही, नाहीतर त्या दिवशीसारखा मध्येच बंद करशील आणि सिद्ध काहीच होणार नाही.

मीही जाणार होते, पण साहेबांनी नेमकं त्याच दिवशी ऑफिसात बोलावलंय. तेव्हा दोन दिवसांनी तुला घंटा वाजल्याचं पत्र टाकते. मग मला पेढे पाठव, खजूर चालणार नाहीत.

योगिनी


मस्कत
२ नोव्हेंबर १९९८

योगिनी,

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. भट्टी तापवू नका. तापवली नसेल तर आता अजिबात नको. पेटलेली असेल तर बाहेरचा मेन कॉक बंद करा आणि धनराजला शेडमध्ये जाऊ देऊ नका.

कारण लिहितो, ते साहेबांना दाखव. तापमान मी एका बाइटमध्ये ठेवलं होतं. जुन्या मशीनवर त्या बाइटमध्ये शून्यापासून दोनशेपंचावन्नपर्यंतचे आकडे मावत. तुझ्या पीसीवर तोच बाइट एकशेसत्तावीसपर्यंत चढतो आणि त्यापुढे उणे होतो. म्हणजे भट्टी एकशेअठ्ठावीसला गेली की प्रोग्रॅमला ती उणे एकशेअठ्ठावीस दिसते. त्याला वाटतं भट्टी गारठलीय, म्हणून तो गॅस पूर्ण उघडतो. जितकी तापेल तितका तो गॅस देत राहणार. घंटा वाजणार नाही, कधीच नाही. कंपायलरनं तुला हेच सांगितलं होतं. चाळीसला वाजली कारण चाळीस दोन्हीकडे चाळीसच असतात. तुमची वायर ढिली नव्हती.

दुरुस्ती सोपी आहे. कंपायलरला बाइट जुन्यासारखा मोजायला सांगणारा स्विच असतो, मेकफाइलमध्ये तो एक शब्द घातला की झालं. ते नंतर करू.

दुपारपासून फोन लावतोय. कारखान्यात फोन नुसता वाजत राहतो. तुमच्या शेजारच्यांकडे लागला, त्या बाई घुटमळल्या आणि लाइन तुटली. शिरोडेसाहेब म्हणाले, योगिनी रजेवर आहे, आणि फोन ठेवून दिला. तू रजेवर का आहेस? तारही केली आहे. आता पुन्हा फोनच्या रांगेत उभा राहतो.

धनराज कुठे आहे एवढं कळव.

शेखर


पंचवटी, नाशिक
२६ नोव्हेंबर १९९८

शेखरदादा,

भाऊ गेला हे तुला शेवटी मावशीनं सांगितलं. तू परक्या देशात एकटा, म्हणून तिनं आधी मुद्दाम कळवलं नव्हतं. तुझी तार दहाव्याच्या गडबडीत आली, पत्र त्याच्याही नंतर. तू फोन केलास तेव्हा मी आत बसून होते, बाहेर आले नाही. तुझ्याशी बोलायला तोंड नव्हतं. जे फोनवर सांगितलं नाही ते लिहिते.

भाऊनं मी सांगितलं तसंच केलं. हिरामण शेडच्या दारात होता. आकडा चढत गेला आणि परत उणे झाला. हिरामण म्हणाला, "भाऊ, कॉक बंद करा, लय तापलं." भाऊ म्हणाला, "वायर ढिली हाय रे, ती सवय हे तिची. योगिनीनं बजावलंय, घंटा वाजल्याबिगर हात लावायचा नाय." आणि तो तिथेच कान देऊन उभा राहिला. मग भट्टीचं दार उडालं. हिरामणनं हे मला हॉस्पिटलच्या जिन्यात सांगितलं, त्याचेही हात भाजले होते.

भाऊ दोन दिवस होता. त्याला ऐकू येत नव्हतं, दिसत थोडंसं होतं. शेवटच्या दिवशी मी जवळ गेले तर ओठ हलले. "वाजली का गं?" असं विचारलं त्यानं. शेखरदादा, ती वाजली नव्हती हे मला तेव्हा माहीत होतं. पण मी मान हलवली, बोटानं त्याच्या डोळ्यांसमोर हवेत हो लिहिलं, आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलले, "वाजली भाऊ, बरोबर एकशेचाळीसला वाजली." त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कुणाला सांगू शकत नाही. आशावहिनी माझ्या शेजारीच उभी होती.

आता पुढचं. येईल त्याला वहिनी सांगते, यांनी मरताना बहिणीच्या कामाचा मान राखला, घंटा बरोबर वाजली होती. कारखान्याच्या चौकशीतही तिनं तेच सांगितलं. शिरोडेसाहेब तिथेच बसले होते. त्यांनी मान डोलावली आणि माझ्याकडे बघितलंही नाही. चौकशीत ठरलं की धोक्याची घंटा वेळेवर वाजली, पण सुट्टीच्या दिवशी परवानगीशिवाय घुसलेल्या कामगारानं तिकडे दुर्लक्ष केलं. चूक भाऊची. हिरामणला म्हणाले, तू घाबरलेला होतास, तुला ऐकू आली नसेल. तो गप्प बसला, त्याला नोकरी टिकवायची आहे.

मी साहेबांना तुझं पत्र दाखवलं. त्यांनी ते पूर्ण वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, घंटा वाजल्याचं तुम्हीच बोललात ना, योगिनीताई? सगळ्यांनी ऐकलंय. भट्टीला नवं दार बसवलंय. येत्या सोमवारी ती पेटणार आहे, तोच प्रोग्रॅम, तीच मेकफाइल. मी तुझा तो एक शब्द घालायला गेले तर मला मशीनला हात लावू दिला नाही. प्रोग्रॅम बदलला म्हणजे तो चुकीचा होता हे कबूल केल्यासारखं होईल म्हणे. भाऊच्या जागी सावळीराम नावाचा माणूस घेतलाय. मी त्याला गेटवर गाठलं. मी दिवंगताची बहीण, डोकं फिरलंय, असं समजून तो मला पाणी पाजून परत गेला.

म्हणून उद्या सकाळी मी कारखाने निरीक्षकांच्या ऑफिसात जाणार आहे. घंटा वाजली नाही आणि ती वाजूच शकत नव्हती, हे लेखी देणार आहे. हे काम मी केलं, खोटंही मीच बोलले, हेही देणार आहे. तुझी पत्रं सोबत नेते, तुझं नाव येईल, माफ कर.

निरीक्षकांची मला भीती वाटत नाही. पण त्याआधी आशावहिनीला सांगावं लागेल. तिच्याकडे आता तेवढंच उरलंय, की घंटा वाजली होती आणि ती त्याला कळली होती. ते मी दिलं आणि मीच काढून घेणार. नाही सांगितलं तर सोमवारी सावळीराम त्या दारासमोर उभा राहील.

ती आत भाकऱ्या करतेय. मला दोनदा हाक मारून झाली. पत्र इथे थांबवते आणि आत जाते.

योगिनी